गैरअर्जदार क्रमांक सात

नागपुरात मुलीचं लग्न जमवायचं तर आधी पत्रिका पाहतात, मग मुलाचा पगार पाहतात, मग मुलाचा काका दारू पितो का ते पाहतात, आणि हे सगळं पाहून झालं की हुशार लोक कोर्टाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसणाऱ्या शामला गिरडकरकडे येतात. कारण पत्रिकेत मंगळ दिसतो, दिवाळं दिसत नाही. दिवाळं दिसतं कोर्टाच्या रेकॉर्डात. आणि हे रेकॉर्ड सगळ्यांसाठी खुलं असतं म्हणजे कसं, तर गावच्या विहिरीसारखं. पाणी सगळ्यांचं, पण दोर ज्याचा त्यानं आणायचा. तो दोर शामलाबाईकडे मिळत असे, दोनशे रुपयांत. कोर्टफीचं तिकीट वेगळं.

शामला चोपन्न वर्षांची. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लॅपटॉप आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढून चालवलेला प्रिंटर, एवढा तिचा संसार. पूर्वी लॅपटॉपच्या जागी टाइपरायटर होता. बाकी अठ्ठावीस वर्षांत काही बदललं नाही. वकील मंडळी एरवी तिच्या टेबलाला धडकून पुढे जात आणि काम अडलं की तिला 'मॅडम' म्हणत. ती दोन्ही वेळा सारखंच तोंड करी.

एप्रिलातल्या एका सोमवारी तिच्यासमोर शालिकराम येऊन बसले. कोराडीच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. डोक्याला दुपट्टा, मांडीवर रेक्झिनची पिशवी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण इथे आलो हे कोणी पाहिलं तर नाही ना.

"बाई, एक दिवाळ्याचं सर्टिफिकेट काढाचं होतं."

"तुमचं का दुसऱ्याचं?"

"राम राम राम! माझं काहून निघन जी? पोरीची सोयरीक हाय. माझी मिनल इंजिनेर हाय, पुण्याले राहते. पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय, तीन मजले हाय. पण भंडाऱ्याचा माझा साडभाऊ म्हणते का पोराच्या आजानं एक खेप दिवाळं काढलं होतं. म्हटलं, पाहून घेतलेलं बरं."

"असं सर्टिफिकेट नसते, काकाजी," शामला म्हणाली. हे वाक्य ती महिन्यातून दहादा म्हणत असे. "कोर्टात त्याले नादारी म्हणते. नादारीची फाईल असते. नवीन केस असली तं कॉम्प्युटरवर भेटते. जुनी असली तं साल सांगा लागते, मंग मी शोधाचा अर्ज करतो, रजिस्टरात नंबर भेटला का नकलेचा अर्ज करतो. अन् नक्कल हातात आली का पहिलं पान वाचून घाबराचं नाही. शेवटच्या पानापासून वाचाचं."

"ते काहून?"

"पहिलं पान अर्जदाराचं असते. अर्जदार नेहमी गरीब गाय असते. खरं काय झालं ते शेवटच्या पानावर."

शालिकराम यांनी मान डोलावली. मग लोक हमखास विचारतात तेच विचारलं. "म्हणजे अर्जदार तो बुडालेला, अन् गैरअर्जदार तो बुडवणारा. असंच ना?"

"उलटं. नादारीत ज्याचं दिवाळं निघालं तोच अर्ज करते. साहेब, माझ्यापाशी काही नाही, मले सोडवा, म्हणते. ज्याइचे पैसे त्याच्यापाशी अडकले ते गैरअर्जदार. त्याइले नोटीस जाते का बापा हो, या, तुमचं येणं काय ते सिद्ध करा."

"बापा! म्हणजे बुडवणारा अर्ज करते अन् बुडणाऱ्याले नोटीस?"

"हो. आजाचं नाव सांगा."

"बाबाराव उमरेडकर. इतवारीत भांड्याचे व्यापारी होत."

शामलाचं पेन थांबलं.

बाबारावजी उमरेडकर हे इतवारीच्या भांडे ओळीतलं मोठं नाव. वाढदिवसाला त्यांचं बॅनर लागतं. बॅनरवर ते हात जोडून उभे, आणि खाली पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. ओळीत कोणाचं भांडण झालं की निवाडा त्यांच्या गादीवर होतो. त्यांच्या दुकानापासून सहा शटर सोडून एकेकाळी मारोतराव गिरडकरांचं छोटं दुकान होतं. मारोतराव म्हणजे शामलाचे वडील.

मारोतराव भंडाऱ्याहून पितळेचा माल उधारीवर आणत आणि त्यातला बराचसा बाबारावजींच्या दुकानाला देत. त्र्याण्णव सालच्या लगीनसराईत त्यांनी गुंड, पराती, गंगाळं अशी भांडी टेम्पो भरून दिली. लग्नं लागली, वऱ्हाडं जेवून गेली, मुलींचे पाळणेही हलायला लागतील अशी वेळ आली, पण बाबारावजींचे पैसे काही आले नाहीत. "आज देतो, उद्या देतो" हे ते इतक्या गोड आवाजात म्हणत की मागणाऱ्यालाच आपण फार हावरट आहोत असं वाटे. शेवटी भंडाऱ्याच्या कारखानदाराकडे मुदत मागायला मारोतराव एसटीनं गेले, आणि नेमका त्याच दिवशी कोर्टाचा बेलिफ आला.

दुकान बंद. बेलिफानं नियमाप्रमाणे नोटीस खळ लावून शटरवर डकवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि सायकलवर टांग मारून तो निघून गेला. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचायला ओळीतल्या कोणालाच वेळ झाला नाही, कारण सगळे तो पाहण्यात गुंतले होते. वर मोठ्या अक्षरात 'नादारी' होतं, खाली मारोतरावांचं नाव होतं, आणखी काय पाहिजे? इतवारीचा कायदा कोर्टापेक्षा सोपा आहे. ज्याच्या शटरवर कोर्टाचा कागद, त्याचं दिवाळं. तारीख नाही, वकील नाही, संध्याकाळपर्यंत निकाल.

मारोतराव परतले तेव्हा निकाल लागून गेला होता. गेले दोन महिने ते याच कागदाची धास्ती घेऊन झोपत होते. त्यांनी लांबूनच तो मोठा शब्द पाहिला, कागद ओरबाडून काढला, छापलेली बाजू आत घालून घडी केली आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दिवाळं निघालेल्या माणसानं दुकान उघडू नये एवढी लाज त्यांना होती. खरोखर दिवाळं काढणाऱ्यांत ही लाज आढळल्याचं शामलाच्या पाहण्यात नाही.

मग त्यांनी दुकान विकलं. भंडाऱ्याचे सगळे पैसे दिले, सोसायटीचं कर्ज फेडलं, हमालाचे चाळीस रुपये राहिले होते ते घरी नेऊन दिले. सगळ्यांचं देणं देऊन झाल्यावर हे दिवाळखोर गृहस्थ हुडकेश्वरला राहायला गेले. तेव्हा तिथे वस्ती कमी आणि सोयाबीन जास्त होतं.

शामला तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिचं साक्षगंध ठरलेलं होतं. मुलाचा मामा भांडी घ्यायला इतवारीत आला, त्यानं ओळीत चौकशी केली, आणि आठ दिवसांत साक्षगंधाचा नारळ परत आला. साडी नाही आली. ती बहुधा कोर्टाच्या कागदानं विटाळली नसावी. त्यानंतर आलेल्या दोन-तीन स्थळांनाही कोणीतरी वेळेवर सांगत गेलं, आणि मग स्थळं यायची थांबली. शामला टायपिंग शिकली आणि कडुनिंबाखाली येऊन बसली.

मारोतराव आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. बत्तीस वर्षांत ते भांडे ओळीतून गेले नाहीत. इतवारीत काम पडलंच तर मागच्या बोळातून जात. लग्नात शेवटच्या पंगतीला बसत. बँकेत खातं काढलं नाही. सातवी शिकलेला, वळणदार अक्षराचा माणूस, पण सही म्हणून करत नसे. कुठेही अंगठा देई. "नादार माणसाच्या सहीले काय किंमत हाय वं," असं एकदा म्हणाले होते. शामलानं त्यानंतर विचारलं नाही.

आणि गंमत अशी की शेकडो लोकांचं दिवाळं शोधून देणाऱ्या शामलानं आपल्या बापाची फाईल कधी शोधली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला भीती वाटे. घरात जे नुसतं मानलेलं होतं ते शिक्क्यानिशी समोर आलं तर काय करायचं, ही भीती. आणि रोज दुसऱ्यांना "घाबराचं नाही" असं सांगणाऱ्या बाईला या भीतीचीही लाज वाटे.

"साल कोणतं?" तिनं शालिकरामना विचारलं.

"शहाण्णव. साडभावाले पक्कं ठाऊक हाय."

साडभावाला पक्कं ठाऊक असलेलं साल चुकीचं निघालं. रजिस्टरं अर्ज दाखल झाल्याच्या सालाप्रमाणे लावलेली असतात, आणि साडभाऊ साल मोजत होता ते आपल्याला बातमी कळल्यापासून. शहाण्णवचं रजिस्टर शामलानं पानन् पान पाहिलं, मग पंच्याण्णवचं. रेकॉर्ड रूममधला जितेंद्र हा सरळ मुलगा. त्यानं शिडीवर चढून चौऱ्याण्णवचं काढून दिलं आणि तीनदा शिंकला.

"कोणाचं खोदून राहिल्या ताई? लय जुनं हाय."

"एका सोयरिकीचं हाय."

"लग्नापेक्षा रजिस्टर जड हाय," जितेंद्र म्हणाला आणि चौथ्यांदा शिंकला.

नंबर मिळाला, लाल कापडातला गठ्ठा निघाला, नकलेचा अर्ज गेला. नवव्या दिवशी बावीस पानांची शिक्क्याची नक्कल शामलाच्या हातात आली. ती टेबलाशी बसली, चष्मा पुसला आणि स्वतःच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचायला लागली.

शेवटचं पान नव्याण्णव सालचं. अर्जदार बाबाराव उमरेडकर यांची नादारीतून मुक्तता करण्यात येत आहे. त्याच्या आधीच्या पानावर वाटप. अर्जदाराची मालमत्ता विकून आलेल्या पैशांतून, ज्यांनी येणं सिद्ध केलं त्यांना रुपयामागे अठ्ठावीस पैसे. दुकान आणि घर विकलं गेलं नव्हतं, कारण ती दोन्ही अर्ज करण्याच्या पाच वर्षं आधीच बायकोच्या नावावर झालेली होती. शामलानं असे बायकोप्रेमी व्यापारी पुष्कळ पाहिले होते. तिनं पान उलटलं. गैरअर्जदारांची यादी आली. मुरादाबादचे दोन, मुंबईचे तीन, भंडाऱ्याचा एक. सगळे बाहेरगावचे. आणि मग सातवं नाव.

'७. मारोतराव सीताराम गिरडकर, भांडे ओळ, इतवारी. येणे रु. ४७,२००.'

येणे. देणे नाही, येणे.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. मग रोजनामा काढला. कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात लिहितात. 'गैरअर्जदार क्र. ७ यांना नोटीस दारावर डकवून बजावली. पुकारा केला असता गैरहजर.' पुढच्या तारखेला, 'गैरअर्जदार क्र. ७ गैरहजर.' अशा अकरा तारखा. पट्टेवाल्यानं अकरा वेळा व्हरांड्यात उभं राहून तिच्या बापाचं नाव पुकारलं होतं, येऊन आपले पैसे माग म्हणून. त्यातल्या शेवटच्या दोन तारखांना शामला याच झाडाखाली टाइपरायटर बडवत बसलेली होती. नाव पुकारलेलं तिच्या कानावर पडलं नाही. पडलं असतं तर तिनं मान खाली घातली असती, हे तिला पक्कं माहीत होतं.

बेलिफाच्या अहवालाखाली पंचांच्या दोन सह्या होत्या. एक पानठेलेवाल्याची. दुसरी बाबारावजींच्या दिवाणजीची. म्हणजे कागद कशाचा आहे हे त्या ओळीत निदान एका दुकानात तरी नीट ठाऊक होतं. पण ज्यानं दिवाळं काढलं त्याच्या शटरवर कागद लागत नाही. तो स्वतःच कागद घेऊन कोर्टात गेलेला असतो. ओळीनं मारोतरावांकडे बोट दाखवलं, आणि बाबारावजींनी भल्या माणसासारखं ते बोट तिकडेच राहू दिलं.

शामलाला आधी हसू आलं. मग एवढा राग आला की तिनं लॅपटॉप जोरात बंद केला आणि झेरॉक्सवाला दचकून बाहेर आला.

दुपारी शालिकराम आले. शामलानं त्यांना पानं समजावून सांगितली, दोनशे रुपयांत जेवढी समजावते तेवढीच.

"मुक्तता म्हणजे आता काही वसुली-बिसुली नाही ना?"

"नाही."

"घरावर बोजा?"

"नाही. घर त्याइचं नव्हतंच, बायकोचं होतं."

शालिकराम यांचा चेहरा उजळला. "मंग तं भानगडच नाही! कोर्टानंच शिक्का मारून देल्ला का माणूस साफ हाय. अन् पाहा बरं, घर पहिलेच सांभाळून ठेवलं. धंद्यात हुशार माणूस दिसते जी." त्यांचं बोट यादीवरून फिरत खाली आलं. "अन् हा सात नंबर पाहा. कोर्टानं अकरा खेपा आवाज देल्ला, हा पठ्ठ्या आलाच नाही. असेही बावळट लोक राहतात."

"ते माझे बाबा होत," शामला म्हणाली.

शालिकराम यांनी बोट उचललं. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग त्यांना एकदम मार्ग सापडला. "मंग तं तुमी घरचेच झाले ना जी! लग्नाले या लागते बरं," असं म्हणून त्यांनी दोनशेवर पन्नास जास्त ठेवले. शामलानं पन्नास परत केले. बत्तीस वर्षांपूर्वी न वाचलेल्या कागदापायी एक नारळ परत आला होता. आज बावीस पानं वाचून, समजून घेऊन दुसऱ्या घरी सोयरीक पक्की होत होती.

शालिकराम जाण्याआधी तिनं नकलेची झेरॉक्स काढून घेतली.

हुडकेश्वरला ती पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. मारोतराव ओट्यावर बसून चिंचेनं पितळेचा गुंड घासत होते. दुकानातली ती एकच वस्तू त्यांनी ठेवून घेतली होती आणि ती रोज संध्याकाळी घासत, जणू उद्या गिऱ्हाईक येणार आहे.

"बाबा, एक कागद वाचतो. ऐकून घ्या."

तिनं सगळं वाचलं. मारोतरावांचे हात थांबले.

"पुन्ना वाच."

"येणे रुपये सत्तेचाळीस हजार दोनशे."

"देणे म्हण."

"येणे हाय, बाबा. तुमचं दिवाळं कधी निघालंच नाही. त्याइचं निघालं होतं. तुमाले पैसे घ्याले बोलावलं होतं कोर्टानं."

त्यांनी गुंड बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सत्तेचाळीस हजार तीनशे चाळीस होते. एका परातीचे त्यानं गाळले."

शामलाला हसावं की रडावं कळेना. म्हातारा उठला, आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी केलेला पिवळा कागद होता. कोपऱ्यांवर वाळलेली खळ अजून चिकटलेली होती.

"हे तुमच्यापाशीच होतं? अन् उघडून नाही पाहिलं?"

"नाही."

"काहून, बाबा?"

"उघडला असता तं खरं झालं असतं ना वं."

शामलानं कागद हातात घेतला. तिचंही कारण हेच होतं. तिनं घडी उलगडली. साध्या मराठीत दहा ओळी होत्या, चौथीतल्या पोरालाही कळतील अशा. अर्जदाराकडून आपले काही येणे असल्यास ते सिद्ध करण्यासाठी दिनांक १८ जुलै १९९४ रोजी सकाळी अकरा वाजता कागदपत्रांसह हजर राहावे. दुसऱ्यांचे कागद वाचून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात, तिच्या पलंगापासून चार हातांवर, तिचं अख्खं आयुष्य घडी घालून पडलं होतं. ती रडली. मारोतराव तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि त्या हाताला चिंचेचा वास येत होता.

सकाळी नऊ वाजता पाहते तर म्हातारा दाढी करून, पांढरी टोपी घालून ओट्यावर तयार.

"चाल. अकरा वाजता हजर राहाचं हाय."

"बाबा, ते नव्याण्णव सालीच निकाली निघालं. आता तिथं कोणी तुमचं काही ऐकत नाही."

"मले समजते. तारीख चुकली माझी. पण बोलावलं तं होतं ना."

तिनं वाद घातला नाही. अकराला दहा कमी असताना मारोतराव कडुनिंबाखालच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि शामलानं पुरसिस टाइप केली. पुरसिस म्हणजे 'अमुक अमुक असं आहे' एवढंच कोर्टाला कळवणारा कागद. नादारी अर्जाचा नंबर घातला, साल घातलं, आणि खाली एकच ओळ. 'गैरअर्जदार क्र. ७ आज रोजी हजर आहेत.' सवयीनं तिनं शाईचा पॅड पुढे सरकवला. मारोतरावांनी तो बाजूला केला आणि पेन मागितलं. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली. 'गिरडकर'मधला शेवटचा र कागदाबाहेर जाता जाता राहिला.

चहाला निघालेल्या जितेंद्रनं कागद वाचला. "हे दाखल होत नाही ताई. केस बंद हाय."

"माहीत हाय मले," शामला म्हणाली आणि पुरसिस नकलेवर टाचून बापाच्या हातात दिली.

ऑटोत बसल्यावर मारोतराव ड्रायव्हरला म्हणाले, "इतवारीतून घे गा. भांडे ओळीतून. समोरून."

ओळीच्या तोंडाशी हातठेला आडवा लागला होता, म्हणून दोघं उतरून चालायला लागली. मारोतराव रस्त्याच्या मधोमध चालत होते. हातात शिक्क्याचा कागद आणि सोबत कोर्टाबाहेर बसणारी पोरगी, एवढं ओळीला पुरलं. एका दुकानातून आवाज आला, "कोर्टातून येऊन राहिले वाटते. अजून सुटलं नाही बिचाऱ्याचं." बत्तीस वर्षांत ओळ अजून वाचायला शिकली नव्हती.

बाबारावजी उमरेडकर गादीवर होते. वय झालं होतं, पण बॅनरवरचं हसू तसंच होतं. त्यांनी ओळखायला थोडा वेळ घेतला आणि मग अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं बोलले.

"अरे, मारोतराव! या, या, बसा. लय वर्षांनी. जुनं ते जुनं गेलं. दिवाळं काय, कोणाचंबी निघते. आमी कदी मनात ठेवलं नाही."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. शेठ मनाचे मोठे. शामलाची कानशिलं तापली. ती पुढे झाली, पण बापानं हातानं तिला अडवलं. त्यांनी यादीचं पान वर काढून गादीवर ठेवलं आणि सात नंबरवर बोट टेकवलं.

"वाचा," मारोतराव म्हणाले. "मोठ्यानं वाचा. ओळीले ऐकू जाऊ द्या."

बाबारावजींनी पान पाहिलं. शिक्का पाहिला. पहिल्या ओळीतलं अर्जदाराचं नाव तर त्यांना चष्म्याशिवायही दिसलं असावं, कारण हसू जागच्या जागी राहिलं आणि बाकीचा चेहरा निघून गेला. ते गादी चाचपायला लागले.

"चष्मा कुठं गेला बापा माझा... बसा तं आधी, चहा सांगतो."

"बसत नाही. बत्तीस वर्षं बसूनच होतो."

"शामे, तू वाचून दाखव मंग," बाबारावजी घाईनं म्हणाले. "तुले कोर्टाचं समजते. मले चष्म्याबगर दिसत नाही."

शेजारच्या दुकानांतली माणसं आता पायऱ्या उतरून जवळ आली होती. हातठेलेवालाही ठेला तसाच सोडून आला होता. शामलानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मारोतरावांनी हात लांब केला, बाबारावजींच्या कपाळावर चढवलेला चष्मा दोन बोटांत धरला आणि हळूच त्यांच्या नाकावर खाली ओढला.

"वाचा," ते म्हणाले.